पहिलें वाद्य : मॅण्डोलिनच्या इतिहासांतील एक दुर्लक्षित प्रकरण

वाद्यांचा इतिहास लिहिणारे ग्रंथकार बहुधा दोन प्रकारच्या माणसांविषयीं लिहितात. एक अलौकिक वादक आणि दुसरे अलौकिक कारागीर. या दोघांच्या मधोमध जो तिसरा मनुष्य उभा असतो, त्याचा उल्लेख कोणत्याही ग्रंथाच्या सूचींत सांपडत नाहीं. हा मनुष्य म्हणजे नवशिका. त्याच्या कानांत सूर घुमत असतात, खिशांत फारसें द्रव्य नसतें, आणि दुकानांत टांगलेल्या वाद्यांकडे पाहत पहिलें वाद्य कोणतें घ्यावें, या विवंचनेंत तो उभा असतो. वास्तविक कोणतेंही वाद्य जगभर पसरतें तें याच माणसामुळें. दरबारांतील चार वादकांनीं एखादें वाद्य कितीही नांवारूपास आणलें, तरी हजारों साध्या घरांत तें शिरल्यावांचून त्याची परंपरा टिकत नाहीं. म्हणून प्रस्तुत लेखांत आम्ही मॅण्डोलिन या वाद्याचा इतिहास या तिसऱ्या माणसाच्या बाजूनें पाहणार आहों. स्वस्त वाद्य आणि खोटें वाद्य या दोन वस्तु अगदीं भिन्न आहेत. थोड्या पैशांत पहिलें मॅण्डोलिन निवडणाऱ्यास एवढा एक भेद ओळखतां आला म्हणजे पुष्कळ झालें, असें आमचें मत आहे. आणि या मताला इतिहासाचा भक्कम आधार आहे.

प्रथम वाद्याची ओळख करून घेऊं. मॅण्डोलिनला चार जोड्यांत बसविलेल्या आठ तारा असतात. प्रत्येक जोडींतील दोन्ही तारा एकाच सुरांत लावतात, आणि प्रत्येक वरची जोडी तिच्या खालच्या जोडीच्या पंचमांत लागते. म्हणजे आपल्याकडील षड्जपंचमभावच येथें तीनदां येतो. व्हायोलिनची जुळणीही हीच आहे. फरक इतकाच कीं, व्हायोलिनच्या दांडीवर पडदे नसतात, हिच्यावर असतात. आणि व्हायोलिन गजानें वाजतें, तर हें वाद्य नखीनें छेडावयाचें असतें. व्हायोलिन शिकणाऱ्याचा आरंभींचा बराच काळ गज सरळ ओढण्यांत आणि सुराची नेमकी जागा शोधण्यांत जातो. मॅण्डोलिन शिकणाऱ्यास ती जागा पडद्यानें आयती दिलेली असते, त्यामुळें थोड्याच महिन्यांत एखादी सोपी चाल तो घरच्या माणसांना ऐकवूं शकतो. सामान्य माणसाच्या घरांत या वाद्याचा प्रवेश सुलभ झाला त्याचें पहिलें कारण हें. परंतु याच कारणांत धोक्याचेंही बीज आहे. जेथें सुराची जागा पडदा ठरवितो, तेथें पडदाच चुकला तर शिकणाऱ्याला दुसरा आधार उरत नाहीं. या मुद्द्याकडे आम्ही पुढें वळणारच आहों.

आज ज्या रूपांत मॅण्डोलिन ओळखलें जातें, तें रूप त्यास अठराव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास इटलींतील नेपल्स शहरीं मिळालें. तेथील विनाच्चा घराण्यांतील कारागिरांचीं वाद्यें आजही वस्तुसंग्रहालयांत पाहावयास मिळतात. लांकडाच्या अरुंद पट्ट्या वांकवून, एकमेकींस चिकटवून, अर्ध्या भोपळ्यासारखी फुगीर पाठ तयार करावयाची, आणि तिच्यावर पातळ लांकडाची तबली बसवावयाची, ही त्यांची रचना. मोझार्टनें १७८७ सालीं प्राग येथें रंगभूमीवर आलेल्या ‘डॉन जोव्हान्नी’ या संगीतिकेंत नायकाच्या एका प्रणयगीतास मॅण्डोलिनची साथ दिली. बेथोव्हेननें १७९६ सालीं त्याच शहरीं एका सरदारकन्येसाठीं मॅण्डोलिनच्या छोट्या रचना लिहिल्या. यावरून त्या काळीं हें वाद्य कोणत्या दिवाणखान्यांत वावरत होतें याची कल्पना येईल. दिवाणखान्यांतील आवडीनिवडी मात्र फार दिवस टिकत नाहींत. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं पियानोचें प्रस्थ वाढलें आणि मॅण्डोलिन मागें पडलें.

त्याचें पुनरुज्जीवन झालें तें नव्या रचनेमुळें. विनाच्चा घराण्यांतीलच पास्क्वाले विनाच्चा (जन्म १८०६) याला या सुधारणेचें श्रेय देतात. त्यानें पोलादी तारा वापरल्या, त्यांचा ताण सहन व्हावा म्हणून वाद्याचा सांगाडा मजबूत केला, पडद्यांची संख्या वाढविली, आणि लांकडी खुंट्यांच्या जागीं दांत्यांच्या चक्रांवर फिरणाऱ्या धातूच्या चाव्या बसविल्या. या सुधारणा वरवर पाहतां किरकोळ वाटतात. पण नवशिक्याच्या दृष्टीनें त्यांचें मोल मोठें आहे. पोलादी तार तांतीपेक्षां अधिक टिकते आणि मोठ्यानें वाजते. दांत्यांच्या चावीमुळें अननुभवी हातालाही तार सुरांत लावतां येते व ती सुरांत राहते. दरबारी वाद्य सामान्यांच्या घरीं जाण्यास योग्य झालें तें असल्या गोष्टींनीं, नक्षीकामानें नव्हे.

परंतु वाद्याची लोकप्रियता वाढतांच नक्षीकामही वाढलें. १८७८ सालीं इटलीच्या सिंहासनावर आलेल्या राजाची पत्नी मार्गेरिता ही स्वतः मॅण्डोलिन वाजवीत असे. राणीच्या हातीं असलेलें वाद्य आपल्या मुलीच्या हातीं असावें असें सधन घरांना वाटूं लागलें. मग शिंपल्याची जडणघडण, कांसवाच्या पाठीची पत्री, हस्तिदंताच्या रेघा यांनीं वाद्यें भरून गेलीं. यांपैकीं कशाचाही सुराशीं संबंध नव्हता.

याच १८७८ सालीं पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनाच्या वर्षीं स्पॅनिश विद्यार्थ्यांचा एक वाद्यवृंद त्या शहरांत गाजला. त्याच धर्तीवर निघालेला ‘एस्तुदियान्तिना फिगारो’ नांवाचा दुसरा संच १८८० सालीं न्यूयॉर्कला गेला. या मंडळींच्या हातांत मॅण्डोलिन नव्हतें. त्यासारखें दिसणारें बांदुर्रिया नांवाचें स्पॅनिश वाद्य होतें. पण त्यांचें यश पाहून तेथें स्थायिक झालेल्या कांहीं इटालियन वादकांनीं स्पॅनिश विद्यार्थ्यांचा वेष चढविला, आणि आपलें ओळखीचें मॅण्डोलिन घेऊन ते गांवोगांव कार्यक्रम करूं लागले. श्रोत्यांना दोन्ही वाद्यांतील भेद कळला नाहीं, आणि अमेरिकेंत मॅण्डोलिनची लाट उसळली. १८८० ते १९२० या अवधींत इटलीहून सुमारें ४० लक्ष लोक अमेरिकेंत गेले. त्यांत दक्षिणेकडील गरीब लोकांचा भरणा मोठा होता. त्यांच्यापैकीं कित्येकांनीं हें वाद्य बरोबर नेलें, कित्येकांनीं तेथें तें बनविलें, आणि कित्येकांनीं तें शिकवून पोट भरलें. महाविद्यालयांतून मॅण्डोलिनचे वाद्यवृंद निघाले, आणि शिकागो शहरांतील कारखान्यांतून वाद्यें मोठ्या प्रमाणावर बाहेर पडूं लागलीं.

येथें आमच्या तिसऱ्या माणसाची खरी परीक्षा सुरू होते. कारखानदारांच्या त्या काळच्या किंमतींच्या याद्या पाहिल्या तर एक गमतीची गोष्ट नजरेस येते. फुगीर पाठीच्या मॅण्डोलिनची प्रत ठरविण्याचें एक मोठें माप म्हणजे पाठीच्या पट्ट्यांची संख्या. थोड्या रुंद पट्ट्यांचें वाद्य हलकें, पुष्कळ अरुंद पट्ट्यांचें भारी. आणि जसजशी पट्ट्यांची संख्या वाढे तसतशी शिंपल्याची नक्षीही वाढे. अरुंद पट्ट्या जोडण्यास कौशल्य लागतें हें खरें. पण त्या कौशल्यानें सुरांत पडणारा फरक अल्प, आणि डोळ्यांस दिसणारा फरक फार. ग्राहकाला कानानें परीक्षा करतां येत नाहीं, पट्ट्या मात्र मोजतां येतात, हें दुकानदारानें अचूक ओळखलें होतें. अशा रीतीनें अजाण माणसाचा पैसा सुराकडून शोभेकडे वळविला गेला.

या पद्धतीला मोठा धक्का दिला तो ऑरव्हिल गिब्सन (१८५६–१९१८) या कारागिरानें. मिशिगन संस्थानांतील कलमाझू गांवीं राहणाऱ्या या गृहस्थानें १८९८ सालीं आपल्या मॅण्डोलिनचें पेटंट घेतलें. व्हायोलिनप्रमाणें तबली जाड लांकडांतून कोरून काढावी, पाठही फुगीर भोपळ्यासारखी न करतां कोरीव व बरीच सपाट ठेवावी, ही त्याची कल्पना. १९०२ सालीं त्याच्या नांवानें कंपनी निघाली. या कंपनीनें जुन्या घाटाच्या वाद्यांची भरपूर टर उडविली. त्या वाद्यांच्या पट्टेदार पाठीमुळें अमेरिकेंत त्यांना बटाट्याच्या पिकावरील किड्याचें नांवच पडलें होतें. विक्रीसाठीं कंपनीनें संगीतशिक्षकांनाच आडते नेमिलें, आणि हप्त्यांनीं पैसे घेण्याची सोय केली. शिक्षकच विक्रेता झाला म्हणजे त्याची शिफारस कितपत निःस्वार्थी राहते, हा प्रश्न तेव्हांही होता व आजही आहे. तथापि हप्त्यांच्या सोयीमुळें पुष्कळ साध्या घरांत बरीं वाद्यें पोंचलीं हेंही नाकारतां येणार नाहीं.

या कंपनीच्या वाद्यांचे दोन घाट होते. एक ‘एफ्’, ज्याच्या खांद्यावर लांकडाची वळणदार वेलांटी कोरलेली असे. आणि दुसरा ‘ए’, नासपतीच्या फळासारखा साधा. वेलांटी कोरण्यास वेळ फार लागतो म्हणून पहिला घाट महाग. पण तबली, दांडी व पोकळी सारखी असतां वेलांटीनें आवाजांत सांगण्यासारखी भर पडत नाहीं. पुढें १९२० च्या सुमारास कंपनीनें ‘ए ज्युनियर’ नांवाचा प्रकार काढला. त्याला कडेची शोभेची पट्टी नाहीं, शिंपला नाहीं, रंग साधा तपकिरी. परंतु तबली व पाठ मात्र महाग वाद्यांप्रमाणेंच कोरीव. हा प्रकार आमच्या मतें मॅण्डोलिनच्या इतिहासांतील एक अत्यंत प्रामाणिक वस्तु आहे. किंमत कमी करावयाची तर काय गाळावें आणि काय गाळूं नये, याचा विवेक त्यांत आहे. शंभर वर्षांनंतरही तीं वाद्यें वाजविलीं जातात, यांत नवल नाहीं.

याच्या उलट टोकाला खोटें वाद्य असतें. टपालानें माल पाठविणाऱ्या मोठ्या अमेरिकन दुकानांनीं खेड्यापाड्यांत वाद्यें पोंचविलीं, हा त्यांचा उपकार. त्यांपैकीं सीअर्स रोबक या पेढीनें तर १९१६ सालीं शिकागोचा ‘हार्मनी’ हा वाद्यांचा कारखानाच विकत घेतला. अशा कारखान्यांतून कित्येक चांगलीं साधीं वाद्यें निघालीं. पण हातीं घेऊन न पाहतां केवळ चित्रावरून वाद्य मागविण्याची संवय मात्र याच व्यवहारानें लाविली, आणि चित्रांत दांडीचा बांक दिसत नाहीं. खोटें वाद्य म्हणजे काय, हें जरा नीट समजून घेतलें पाहिजे. मॅण्डोलिनच्या तारेची वाजती लांबी सुमारें १४ इंच, म्हणजे ३५ सेंटिमीटरच्या आसपास असते. तिच्या बरोबर मध्यावर, बाराव्या पडद्यावर, तारसप्तकांतील तोच सूर निघाला पाहिजे. त्या भागांत लागोपाठच्या दोन पडद्यांतील अंतर जेमतेम एक सेंटिमीटर असतें. म्हणून तेथें एका मिलिमीटरची चूक झाली तर सूर अर्ध्या स्वराच्या सुमारें दहाव्या भागानें ढळतो. कसलेल्या कानाला तो ढळलेला सूर तत्काळ बोंचतो. नवशिक्याला तो बोंचतो, पण कां बोंचतो हें कळत नाहीं.

या ‘कळत नाहीं’ मध्येंच सगळा अनर्थ आहे. तारा पडद्यांपासून फार उंच असल्या तर दोन-दोन पोलादी तारा एकदम दाबतांना बोटें सोलून निघतात, आणि दाबतांना ताण वाढून सूर चढतो तो वेगळाच. चाव्या सैल असल्या तर लावलेली तार उतरते. दांडी वांकली असली तर एका ठिकाणीं तार पडद्यावर खडखडते आणि दुसऱ्या ठिकाणीं हातभर उंच राहते. श्रीमंताच्या मुलाचा शिक्षक वाद्य हातीं घेऊन सांगतो कीं, हें बदला. गरिबाच्या मुलाला असा शिक्षक मिळत नाहीं. तो वाद्याला दोष देत नाहीं. आपल्या कानाला, आपल्या बोटांना, आपल्या नशिबाला दोष देतो, आणि ‘संगीत आपल्यासाठीं नाहीं’ असें ठरवून वाद्य खुंटीला टांगतो. किती घरांत असे खोटे निवाडे झाले असतील याची गणती कोणत्याही इतिहासांत नाहीं. म्हणूनच खोटें वाद्य हें केवळ पैशाचें नुकसान नव्हे. तो शिकणाऱ्यावर झालेला अन्याय आहे.

आतां महागड्या वाद्याची हकीकत पाहूं. गिब्सन कंपनींत १९१९ पासून १९२४ पर्यंत काम करणारा लॉइड लोअर (१८८६–१९४३) याच्या देखरेखीखालीं १९२२ सालीं ‘एफ्-५’ हा प्रकार निघाला. तबलीवर व्हायोलिनसारखीं दोन लांबट छिद्रें, खालींवर करतां येणारी घोडी, आणि दांडीच्या पोटांत बांक दुरुस्त करतां येईल अशी पोलादी सळई, अशी त्याची रचना होती. कंपनीचें हें सर्वोत्कृष्ट वाद्य. परंतु तें बाजारांत आलें तेव्हां लोकांची आवड जॅझ आणि बॅन्जो यांकडे वळली होती. वाद्य खपलें नाहीं, आणि लोअर १९२४ च्या अखेरीस कंपनी सोडून गेला.

याच सुमारास केंटकी संस्थानांतील एका शेतकऱ्याच्या घरीं बिल मनरो (१९११–१९९६) हा सर्वांत धाकटा मुलगा वाढत होता. थोरल्या भावांनीं फिडल आणि गिटार हीं वाद्यें आधींच घेतलीं होतीं. धाकट्याच्या वांट्यास उरलें तें मॅण्डोलिन. त्यानें फार गोंगाट करूं नये म्हणून आठांपैकीं चारच तारा ठेवावयास त्यास सांगण्यांत आलें, अशी कथा सांगतात. या उरलेल्या वाद्यावर ज्याचा हात बसला, त्यानेंच पुढें ‘ब्लूग्रास’ नांवाच्या संगीतप्रकाराचा पाया घातला. १९४० नंतरच्या दशकांत मायामी येथील एका न्हाव्याच्या दुकानांत विक्रीस ठेवलेलें १९२३ सालचें एफ्-५ त्याला १५० डॉलरांस मिळालें, आणि तें त्यानें आयुष्यभर वाजविलें. आज अशा वाद्यास एक लाख डॉलरांहूनही अधिक किंमत येते. लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट ही कीं, वाद्याची किंमत वादकानें वाढविली. वाद्यानें वादकाची नव्हे. आणि तो वादक घडला होता तो एफ्-५ वर नव्हे, घरांत उरलेल्या साध्या वाद्यावर.

आपल्या देशांतील दाखले याहून वेगळें सांगत नाहींत. मुंबईच्या चित्रपटसृष्टीच्या वाद्यवृंदांत मॅण्डोलिननें मानाचें स्थान मिळविलें. माळव्यांतील सीतामऊचे सज्जाद हुसेन (१९१७–१९९५) हे ‘हलचल’ (१९५१), ‘संगदिल’ (१९५२) अशा चित्रपटांचे संगीतकार. परंतु पडद्यांच्या या वाद्यांतून मींड काढून राग वाजविणारे वादक म्हणूनही त्यांची ख्याति झाली. मराठी वाचकांस अधिक जवळचें उदाहरण लक्ष्मीकांत कुडाळकर (१९३७–१९९८) यांचें. मुंबईंत विलेपारल्यास त्यांचें बालपण हलाखींत गेलें. वडील लवकर वारले आणि शाळा सोडावी लागली. हुसेन अली यांजपाशीं ते मॅण्डोलिन शिकले, आणि कोंवळ्या वयांतच त्या वाद्यावर मिळवूं लागले. पुढें व्हायोलिनवादक प्यारेलाल यांच्या जोडीनें ‘पारसमणि’ (१९६३) पासून त्यांनीं जें केलें तें सर्वश्रुत आहे. या जोडींतील दोघांचीं वाद्यें एकाच जुळणीचीं होतीं, हीही एक मौजेची गोष्ट. आंध्रांतील पालकोल येथें जन्मलेले यू. श्रीनिवास (१९६९–२०१४) यांनीं सहाव्या वर्षीं हातांत घेतलें तें वडिलांचें घरांतील मॅण्डोलिन. पुढें कर्नाटक संगीताच्या गमकांसाठीं त्यांनीं जोडतारा काढून एकेरी तारा ठेविल्या, पांचवी तार वाढविली, आणि विद्युत् मॅण्डोलिनला मैफलींत बसविलें. या तिघांपैकीं कोणाचीही कीर्ति वाद्यावरील शिंपल्यामुळें झाली नाहीं.

सारांश, जो मनुष्य आज थोडे पैसे घेऊन दुकानांत उभा आहे, त्याला इतिहास काय सांगतो? पहिली गोष्ट, वेलांटीचा मोह सोडावा. तेवढ्याच पैशांत साध्या नासपती घाटाचें वाद्य घेतलें तर शोभेवर जाणारा खर्च लांकडावर व कारागिरीवर पडतो. दुसरी गोष्ट, दांडी डोळ्यांपुढें धरून तिच्या कडेनें नजर टाकावी. बांकलेली दांडी असेल तर किंमत कितीही कमी असो, वाद्य परत ठेवावें. तिसरी, प्रत्येक तार मोकळी व मग बाराव्या पडद्यावर दाबून वाजवावी. सूर जुळला नाहीं तरी लगेच निराश होऊं नये. कारण मॅण्डोलिनची घोडी तबलीला चिकटविलेली नसते, ती मागेंपुढें सरकवून हा दोष बहुधा जातो. घोडी योग्य जागीं आणूनही मधले पडदे बेसूर राहिले तर मात्र तें वाद्य खोटें समजावें. चौथी, चाव्या फिरवून पाहाव्या. त्या सारख्या फिराव्या आणि तार धरून ठेवाव्या.

आणखी दोन सूचना. पूर्व आशियांतील कारखान्यांतून आज येणाऱ्या स्वस्त वाद्यांचे पडदे यंत्रानें बसविलेले असल्यानें बहुधा अचूक असतात. उणीव राहते ती शेवटच्या हातांत, म्हणजे घोडी व वरची पट्टी उंच सोडून दिलेली असते. म्हणून सगळा पैसा वाद्यावर खर्चूं नये. त्यांतील चौथा-पांचवा हिस्सा जाणत्या कारागिराकडून तारांची उंची बेतून घेण्यासाठीं व चांगल्या तारांसाठीं राखून ठेवावा. आणि जुन्या बाजारांत फुगीर पाठीचें, शिंपल्यानें मढविलेलें इटालियन मॅण्डोलिन दिसलें तर तें पाहून आनंद मानावा, पण पहिलें वाद्य म्हणून घेण्यापूर्वीं दांडी व सांधे चारदां तपासावे. त्या नाजूक सांगाड्यावर आजच्या जाड तारा चढविल्या तर तो वांकतो. त्याला हलक्याच तारा लागतात. आपल्याकडील पावसाळी हवेंत जुने सरसाचे सांधे सुटण्याचीही भीति असतेच.

ज्यास हें सर्व एकट्यानें तपासणें जमणार नाहीं, त्यानें कोणातरी वाजविणाऱ्यास बरोबर न्यावें, आणि हा वाजविणारा शक्यतों त्याच दुकानाचा आडत्या नसावा. वाजविणाऱ्या मंडळींनींही असल्या विनंतीस नाहीं म्हणूं नये. संगीताच्या उत्कर्षासाठीं सभा भरतात, पारितोषिकें वांटलीं जातात. तीं सर्व योग्यच आहेत. परंतु एका गरीब मुलाच्या हातीं साधें पण खरें वाद्य पडेल एवढी खबरदारी घेणें, हें त्या सर्वांच्या आधींचें काम आहे. कारण ज्यानें खोट्या वाद्यावर पहिलें वर्ष घालविलें, तो त्या सभांना कधीं येतच नाहीं.